पातळ दूध

माझ्या धाकट्या दिराचं लग्न झालं ते शके १७८५ च्या फाल्गुनात. वरातीच्या बैलांच्या शिंगांच्या टोकांना चांदीच्या शेंब्या होत्या, आणि नवरीकडच्या बाया नवरदेवाआधी बैलच पाहून आल्या. ती वर्षंच तशी होती. साता समुद्रांपलीकडे कुठेशी लढाई जुंपलेली, तिकडचा कापूस अडलेला, आणि आमच्या वलगावच्या काळ्या मातीतलं बोंडन् बोंड विलायतेला चाललेलं. त्या लग्नात माझे दिवस भरत आले होते, म्हणून मला कोणी वाढायला उठू दिलं नाही. पुढच्याच महिन्यात, चैत्रात, मला मुलगा झाला. आधीचं एक लेकरू राहिलं नव्हतं, म्हणून सासूबाईंनी पाचवीलाच त्याचं नाक टोचलं आणि नाव ठेवलं नत्थु.

बाळंतपणात मला ताप भरला. ताप उतरला, पण त्याच्याबरोबर अंगावरचं दूधही गेलं. मेथीचे लाडू खाल्ले, शतावरी घेतली, काही उपयोग झाला नाही. मग नत्थुला म्हशीचं दूध सुरू झालं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. त्यांनी अमरावतीच्या सोनाराकडून चांदीचं बोंडलं करून आणलं, म्हणजे चोच असलेली लहानशी वाटी, तिनं लेकराच्या तोंडात दूध सोडायचं.

दुधाला आमची म्हैस गावात पहिली. तिचं नाव चंद्री. घरी कापूस वेचून आला की रेच्यावर पिळून रुई वेगळी व्हायची आणि सरकी, म्हणजे त्याची बी, मागं उरायची. त्या वर्षी सरकीचा ढीग गोठ्याच्या आढ्याला टेकला होता. चंद्री दिवसभर भिजवलेली सरकी खायची आणि असं घट्ट दूध द्यायची की आत्याबाई आल्यागेल्याला गोठ्यात नेऊन दाखवायच्या.

"बोट बुडवून पाय. पाय तर खरं! सायीचा थर येते बोटावर. असं दूध राजाच्या पोराले भेटत नाई."

राजाचा पोरगा मात्र ते दूध पीत असे आणि थोड्याच वेळात सगळं बाहेर टाकत असे. नाकातून, तोंडातून, माझ्या लुगड्यावर, आत्याबाईंच्या लुगड्यावर. पोट ढोलकीसारखं ताणलेलं. पाय पोटाशी घेऊन तो असा रडायचा की त्याचे कान लाल होत. बेंबीभोवती हिंगाचा लेप झाला. ओव्याच्या पुरचुंडीनं शेकून झालं. बाळंतशोपेचं पाणी, वावडिंग, मीठमोहऱ्यांनी दृष्ट, सगळं झालं.

"दूधच टिकून नाई राहिलं त्याच्या पोटात," मी म्हणाले.

"टिकन कसं? पातळ असंन," आत्याबाई म्हणाल्या आणि अंगणाकडे तोंड करून ओरडल्या, "खुशाल! चंद्रीची सरकी वाढव रे!"

खुशाल म्हणजे आमचे हे. आईची आज्ञा यांनी कधी मोडली नाही. सरकी वाढली. दूध आणखी घट्ट झालं. नत्थुनं आणखी जोरात टाकलं. मग सरकी पुन्हा वाढली. चंद्रीच्या अंगावर तेल चोपडल्यासारखी चमक आली, आणि माझं लेकरू मात्र दिवसेंदिवस हलकं होत चाललं.

अशात अकोल्याहून माझी थोरली नणंद आली, रुख्माअक्का. तिचे यजमान भगवंतराव अकोल्यात कापसाची दलाली करत. घर भरलेलं, पण पोटी मूल नाही. अक्कानं नत्थुला पाहिलं, उचललं, आणि नत्थुनं लगेच तिच्या नव्या लुगड्यावर आपली खूण ठेवली. अक्कानं लुगडं पुसलंसुद्धा नाही.

संध्याकाळी ती आईला म्हणाली, "माय, या घरात याले दूध लागत नाई. अकोल्याले पाणी चांगलं, वैद्य हायेत. माह्या ओटीत घाल याले. जगला तर माहा. नाई तरी इथं काय होऊन राहिलं, दिसतेच हाय तुले."

आत्याबाई रडल्या, आणि मग हो म्हणाल्या. यांनी खाली पाहिलं. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी काय सांगणार होते? लेकरू डोळ्यांसमोर वाळत होतं. ओटीत घातलेलं लेकरू घेणाऱ्या बाईचं होऊन जातं, मागून परत मागता येत नाही, हे मला माहीत होतं. अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त धरला. मी एवढंच म्हणाले की तोवर मीही बरोबर येऊन राहीन. अक्का म्हणाली, "ये की. कोण नाई म्हणते?"

रेंगी, म्हणजे हलकी बैलगाडी, जुंपली, हे हाकायला बसले. उन्ह असं की बैलांच्या चांदीच्या शेंब्यांना हात लावला तर चटका बसे. चंद्रीचं दूध कळशीत घेतलं होतं, ते बडनेरा सोडलं न सोडलं तोच फाटलं. नत्थु भुकेनं ओरडायला लागला. मूर्तिजापुराच्या अलीकडे रस्त्याला लागून एक एकटं घर दिसलं. दारात एक गाय बांधलेली, तिच्या फासळ्या मोजाव्यात अशी, पुढ्यात कडब्याची चार धाटं. घरची बाई संकोचानं म्हणाली, "दूध हाय, पर बाई, निरा पाणी हाय ते. तुमच्यासारख्याच्या घरी मांजर बी तोंड नाई लावणार." आणि कमी पडेल म्हणून त्यात तिनं उकळून निवलेलं पाणीही घातलं.

अक्कानं वाटीत डोकावून पाहिलं. "वाटीचा तळ दिसून राहिला यातून! दूध हाय का चांदणं?"

पण लेकरू ओरडत होतं. मी बोंडल्यानं पाजलं. रेंगी पुन्हा सुरू झाली तेव्हा रस्ता असा खडबडीत आला की मांडीवर आडवं ठेवलं तर त्याचं डोकं आपटेल, म्हणून मी त्याला उभं करून खांद्याशी धरलं आणि पाठीवर हात ठेवून बसले. एका चाकोरीतून रेंगी उसळली आणि माझ्या कानाशी असा दणदणीत ढेकर आला की यांनी कासरा ओढून मागं पाहिलं.

"कोण, भगवंतराव आले का काय?"

भगवंतरावांचा जेवणानंतरचा ढेकर शेजारच्या गल्लीत ऐकू जात असे. अक्का आधी रागावली आणि मग पदर तोंडाशी धरून इतकी हसली की तिला ठसका लागला. नत्थु माझ्या खांद्यावर झोपला. त्यानं काही टाकलं नाही. पुढच्या मुक्कामीही तसलंच कुणाचं तरी कडब्यावरच्या गायीचं पाणीदार दूध मिळालं, पुन्हा तो पिऊन खांद्यावर झोपला, पुन्हा काही टाकलं नाही.

"पाय सुभद्रे," अक्का म्हणाली, "अकोल्याकडं तोंड काय केलं, पोट्टं सुधरलं! अजून गाव दिसलं बी नाई."

मलाही तसंच वाटलं. आनंद झाला, आणि मी त्याला खांद्याशी आणखी घट्ट धरलं. अकोल्याची हवा मानवते तर तो अकोल्याचाच झाला.

अकोल्याला भगवंतराव दारातच उभे होते, नवं जरीचं पागोटं बांधून. अक्कानं घरच्या म्हशीचं दूध स्वतः पाजलं, भरपूर पाजलं, आणि नत्थुला त्यांच्या हातात दिलं. भगवंतरावांनी त्याला डोक्यापर्यंत उचललं, "काय रे सायबा!" म्हणाले, आणि सायबानं सगळं दूध त्या पागोट्यावर ओतलं.

दुसऱ्या दिवशीही तेच. तेच ताणलेलं पोट, तेच लाल कान. अक्का घाबरली. मीठमोहऱ्या, हिंग, ओवा, सगळं नव्यानं सुरू झालं. मी नत्थुला घेऊन परसात फेऱ्या मारत होते. तिथं म्हैस होती, चंद्रीसारखीच चमकणारी, आणि तिच्यापुढे टोपलंभर भिजलेली सरकी होती. दलालाच्या घरी सरकीला काय तोटा? मी तिथंच थांबले. मला ती रस्त्यावरची गाय आठवली, चार धाटं चघळणारी. वाटीचा तळ दिसणारं दूध आठवलं.

मग मला हेही कळलं की हे सांगितलं तर नत्थु इथंच बरा होईल, आणि बरा झाला की परवाच्या तृतीयेला तो अक्काच्या ओटीत जाईल. न सांगावं असं मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण तो माझ्या हातांवर पाय पोटाशी घेऊन कळवळत होता. मी आत गेले.

"अक्का, याले म्हशीचं देऊ नका. सरकीचं दूध त्याले जड होते. कडब्यावरच्या गायीचं आणा, अन् त्यात पाणी घाला. पाजलं का उभं धरा."

"पाणी?" अक्काचा आवाज चढला. "माह्या घरी पयल्यांदा लेकरू आलं अन् त्याले मी पाणी पाजू? लोक काय म्हनतीन, दलालाच्या घरी दुधात पाणी!"

आतून भगवंतराव म्हणाले, "लोकाईच्या पागोट्यावर नाई ओकत तो. पाज वं पाणी. नाई तर मले बोडकं फिरा लागन."

मारुतीच्या देवळातल्या पुजाऱ्याकडे एक वाळकी गाय होती. तिचं दूध आलं, अक्का ते पदराखाली झाकून घरात आणी. मी पाणी घालून ते पाजलं, खांद्याशी उभं धरलं. ढेकर आला. भगवंतराव ओसरीवरून म्हणाले, "शाबास! माहाच भाचा." तृतीयेपर्यंत पोट मऊ पडलं आणि नत्थु पहिल्यांदा हसला. अक्काकडे पाहून हसला. मी तोंड फिरवून भांडी आवरायला लागले.

आमच्याकडची रीत अशी. देणाऱ्या आईनं लेकरू घेणारीच्या पदरात ठेवायचं. पाच सवाशिणींनी एकेक करून हळदकुंकू लावायचं, तांदूळ घालायचे. ते पुरं होईपर्यंत आईनं लेकराला हात लावायचा नाही. मधेच उचललं तर ओटी मोडली.

अक्का हिरवं लुगडं नेसून पाटावर बसली. लेकरू शांत राहावं म्हणून तिनं आधी त्याला स्वतः पोटभर पाजलं होतं आणि घाईत तसंच आडवं पदरात घेतलं होतं. मी त्याला नीट ठेवलं आणि मागं सरून बसले. पहिल्या सवाशिणीनं कुंकू लावलं तोच नत्थु वळवळला. दुसरीच्या वेळी त्याची पाठ ताठ झाली. मग तो रडायला लागला, कान लाल होईपर्यंत. अक्का मांडी हलवत होती, थापटत होती. माझे हात मांडीवर होते, ते मी एकमेकांत घट्ट अडकवून ठेवले.

तिसरी सवाशीण, शेजारची म्हातारी, ताट घेऊन पुढं आली. "रडू दे वं. दोघीच तर राहिल्या माह्यामागं."

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. मग नत्थुकडे. मग म्हणाली, "घे वो सुभद्रे. उभं धर त्याले."

"अवो रुख्माबाई, ओटी मोडन!"

"मोडली तर मोडली! लेकराच्या पोटात दुखून राहिलं अन् मी तांदूळ मोजत बसू?" तिनं स्वतःच त्याला उचलून माझ्या हातात दिलं. "मले नाई जमत. याच्या पाठीवर कुठं हात ठेवा लागते ते हिलेच ठाऊक."

मी त्याला खांद्याशी घेतलं. ढेकर असा आला की सवाशिणींच्या ताटातलं कुंकू हसण्यानं सांडलं. अक्काही हसत होती, आणि डोळे पुसत होती. तांदूळ तिच्या पदरातच राहिले. त्यांची तिनं त्या संध्याकाळी खीर केली आणि पहिली वाटी मला दिली.

"दर उन्हाळ्यात आणा लागन याले," ती म्हणाली. "नाई आणलं तर मी येऊन घेऊन जाईन, सांगून ठेवतो."

वलगावला परतल्यावर मी आत्याबाईंना सगळं सांगितलं. तिसऱ्या दिवशी शेजारणीला सांगताना मी ऐकलं, "सरकीवरच्या म्हशीचं जड पडते वं लेकराले. मी तर पयल्यापासूनच म्हणत होतो."

पुढे अमेरिकेतली लढाई थांबली, कापूस उतरला, बैलांच्या शेंब्या मोडून घरखर्चाला लागल्या. बोंडलं राहिलं. त्यानं आमच्या घरातली कितीतरी लेकरं पातळ दूध प्याली आणि खांद्यावर उभी राहून ढेकर देत झोपली. नत्थु दर उन्हाळ्यात अकोल्याला जात राहिला, मोठा झाल्यावरही.

भगवंतराव शके १८१४ च्या श्रावणात वारले. रुख्माअक्का शके १८२१ च्या माघात अकोल्याच्या राहत्या घरी वारली. शेवटचं पाणी नत्थुनं पाजलं, पाठीमागं हात घालून, तिला उभं धरून.