बाळाच्या मनगटावरचा मासा

“मम्मी, मुरडलं! जळून राहिलं!” ओव्हनच्या काचेशी बसलेली आकांक्षा किंचाळली.

“जळत नाही गं, आकसतंय. थांब, आपोआप सपाट होईल. आणि मागं सरक आधी.”

रविवारची सकाळ होती. हे आकसणारं प्लास्टिक मी ऑनलाइन मागवलं होतं. कागदासारखं पातळ असतं ते. त्यावर चित्र काढायचं, रंगवायचं, कापायचं, पंचनं भोक पाडायचं आणि तापवायचं. चित्र जाड, टणक आणि एवढंसं होतं. मग कडीत अडकवून, इलॅस्टिकच्या दोरीत ओवून ब्रेसलेट करायचं. सहा वर्षांची आकांक्षा आणि शेजारची ज्योती सकाळपासून याच नादात होत्या. मोबाईलपासून तेवढ्याच दूर, म्हणून मीही खूश होते.

पहिलं ब्रेसलेट आकांक्षाच्या पप्पांना मिळालं. त्यात एक फुलपाखरू, एक आंबा आणि पप्पांची मिशी. मिशी वेगळी, चेहऱ्याशिवाय.

“आता हे घालून मी शाळेत शिकवायला जाऊ व्हय?” प्रमोद म्हणाले.

“काढायचं न्हाई,” आकांक्षानं बजावलं.

“बीएस्सी झालेली सून,” सासूबाई दारातून म्हणाल्या, “आन् पिलाष्टिक भाजून राहिली.”

दहा महिन्यांचा प्रज्ञेश त्यांच्या मांडीवर होता. मी सारखी त्याच्याकडे बघत होते. कात्री कुठं आहे, पेनांची टोपणं कुठं आहेत, कडी तर खाली पडली नाही ना. प्रमोद मला चिडवतात, हिच्या डोक्यात सीसीटीव्ही आहे म्हणून. त्या दिवशी तो सीसीटीव्ही फक्त ट्रे बाहेर काढण्यापुरता आणि दूध उतू जाऊ नये म्हणून गॅस बंद करण्यापुरता वळला. तेवढ्यात सासूबाई ज्योतीला घरी सोडायला गेल्या होत्या आणि बाळ चटईवर होतं, आकांक्षाजवळ.

खोकला ऐकू आला. साधा नव्हे. आतून खेचून आल्यासारखा, थांबतच नाही असा. मी धावले. प्रज्ञेशचा चेहरा लाल, मग जांभळट. मी त्याला हातावर पालथं घेतलं, पाठीवर थापट्या मारल्या. तो ओकला, रडला, आणि शांत झाला. एकदम शांत. खेळायलाही लागला.

“ठसका लागला असंल,” प्रमोद म्हणाले.

मी त्याचं मनगट बघत होते. बुद्धविहारात रक्षणासाठीचा परित्राण पाठ झाला तेव्हा भन्तेजींनी सगळ्यांच्या हाताला पांढरा दोरा बांधला होता. आमचे दोरे अंघोळीत जीर्ण होऊन गळाले, बाळाचा राहिला होता. आता त्या दोऱ्याला आणखी एक दोरा लटकत होता, रंगीत, आणि त्याचं टोक लाळेनं ओलं झालं होतं.

“अक्कू, हे काय बांधलंस?”

“मासा.”

“कुठंय मासा?”

ती त्याच्या मनगटाकडे बघत राहिली. “इथंच होता. सगळ्यांना ब्रेसलेट झालं, त्यालाच न्हवतं. त्याच्याजवळ दोरा तर होताच. कडी न लावता नुसता मासाच बांधायचा होता.”

मी चटई झटकली. कपडे झटकले. पलंगाखाली मोबाईलच्या उजेडात बघितलं, ओकारी बोटांनी चाचपली. मासा नव्हता. तो बारीक लांबट मासा मला आठवत होता. ओव्हनमध्ये घालताना माझ्या अर्ध्या बोटाएवढा होता आणि बाहेर आला तेव्हा गव्हाचे दोन दाणे एकापुढं एक ठेवावेत तेवढा. मीच तो ट्रेवरून उचलून बशीत ठेवला होता.

“तुला सांगितलंय ना, बाळाच्या तोंडात मावेल असं काही त्याला द्यायचं नाही!” माझा आवाज मलाच ओळखू येईना.

“मी मापला होता!” आकांक्षा रडायला लागली. “आधीच मापला. त्याच्या तोंडाला आडवा लावून बघितला. न्हाई मावला. मगच रंगवला.”

आधी. ओव्हनच्या आधी.

मी खाली बसले. पोरीनं माझं ऐकलं होतं. अगदी मी सांगितलं तसं.

प्रमोदनी मोटरसायकल न काढता शेजारच्या दगडोबाची जीप बोलावली, यावरून मला कळलं की तेही घाबरलेत. कळमनुरीहून हिंगोलीपर्यंत मी बाळाच्या पाठीला कान लावून बसले होते. श्वास सोडताना बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. मला येत होता. प्रमोदना येत नव्हता.

“जीपचा आवाज आहे तो, प्रिया.”

“जीप एकाच बाजूनं वाजते का?”

हिंगोलीच्या बालरोगतज्ज्ञांनी तपासलं, छातीचा एक्स-रे काढला. फोटो दिव्यासमोर धरून ते म्हणाले, “काही दिसत नाही. गिळला असेल तर शीतून पडून जाईल. नसेल तर घरातच सापडेल. बाळ खेळतंय, दूध पितंय. घरी जा.”

प्रमोदनी केवढा मोठा श्वास सोडला. “बघ. तुझं आपलं उगीच…”

मला हायसं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. प्रमोदनी खिशात फाईलचे कागद कोंबले तेव्हा त्यांच्या मनगटावरची मिशी हलली.

“सर, याचा एक्स-रे काढा ना,” मी म्हणाले.

“कशाचा?”

“यांच्या हाताचा. ब्रेसलेटसकट. मासा याच प्लास्टिकचा होता.”

टेक्निशियन हसला. “वहिनी, साहेबाच्या हाताला काय तकलीफ आहे?” प्रमोद कानापर्यंत लाल झाले. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी ब्रेसलेट बोटानं उलटं केलं, पारदर्शक कडेवरून नख फिरवलं आणि म्हणाले, “काढ रे.”

पडद्यावर प्रमोदचा हात आला. बोटांची हाडं, मनगटाची हाडं, लग्नातली अंगठी. मनगटाभोवती तीन बारीक लोखंडी कड्या हवेत लटकल्यासारख्या. कड्यांना काहीच नव्हतं. फुलपाखरू नाही, आंबा नाही, मिशी नाही.

प्रमोद आधी पडद्याकडे, मग स्वतःच्या हाताकडे बघत होते. म्हणजे मघाचा तो स्वच्छ फोटो काहीच सांगत नव्हता. आम्ही तो घेऊन घरी निघालो होतो.

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप पुन्हा कानाला लावला. या वेळी खूप वेळ ऐकलं. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. “उजव्या बाजूला हवा कमी जातेय,” ते म्हणाले. “खोकल्याची उबळ किती जोरात होती?”

मी सांगितलं. चेहऱ्याचा रंग सांगितला.

“आत्ताच नांदेडला न्या. मी फोन करतो. दुर्बिणीनं बघावं लागेल. वाटेत दूध पाजू नका, पाणीही नको. रडू देऊ नका.”

नांदेडचा रस्ता कळमनुरीतूनच जातो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सासूबाई आकांक्षाचं बोट धरून उभ्या होत्या. प्रमोदनी फोनवर सांगितलं होतं. जीप थांबली नाही. पोरीनं हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. बाळ भुकेनं माझा पदर ओढत होतं आणि मी त्याला पाजत नव्हते. माझ्या आयुष्यात मी इतकं अवघड काही केलेलं नाही.

नांदेडला त्याला आत नेलं तेव्हा उन्हं कलली होती. प्रमोद दाराशी उभे राहिले, मी बाकावर. “मी घरी नेणार होतो त्याला,” ते एकदाच म्हणाले. मी बंद दाराकडे बघत राहिले. बोलायला लागले असते तर थांबले नसते.

मग आतून रडणं ऐकू आलं. घोगरं, बसक्या आवाजातलं, पण त्याचंच. सिस्टर स्टीलच्या वाटीत तो तुकडा घेऊन आली. निळा, त्याला पिवळे डोळे. दोन्ही डोळे एकाच बाजूला काढले होते.

“श्वासाच्या उजव्या नळीत बसला होता,” डॉक्टर म्हणाले. “उद्यापर्यंत ठेवू. लवकर आणलं ते बरं केलं.”

सकाळी सासूबाईंचा फोन आला. “लेकरू कसं हाय?”

“चांगलं आहे, आई. दूध प्यायलं.”

“हितं ह्या पोरीनं जीव खाल्लाय माझा. च्या ठिवू देत न्हाई. पातेलं बारीक हुईल म्हनती. कालपासून गॅस पेटवू दिला न्हाई बघ. शेजारनं द्वारकाबाईनं भाकर आनून दिली. बोल तिच्याशी.”

“अक्कू?”

फोनवर नुसता श्वास. मीही तो ऐकत राहिले.

“अक्कू, पातेलं नाही होत लहान. आजीला चहा करू दे.”

“मम्मी,” ती हळूच म्हणाली, “बाळाचं अंग गरम आहे का?”

सिस्टरनं नुकतंच बघितलं होतं. थोडं होतं. दुर्बिणीची नळी घातल्यावर होतं तसं, काळजी करू नका, असं ती म्हणाली होती.

“थोडंसं गरम आहे.”

पलीकडे ती रडायला लागली. आवाज न करता, मोठी माणसं रडतात तशी. “मग आता केवढा आहे तो?”

मला समजायला क्षणभर लागलं. मी प्रज्ञेशकडे बघितलं. तो पाय पसरून, अख्खा पलंग आपलाच असल्यासारखा झोपला होता.

“होता तेवढाच आहे,” मी म्हणाले. “तेवढाच आहे, माय.”