दाराने मला ओळखले नाही

मित्रांनो, मी एक जुनी पितळी किल्ली आहे. एका फ्लॅटच्या दाराची मी मूळ किल्ली. परवा जे घडले त्याचा मला एवढा धक्का बसला आहे, की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

कारखान्यातून मी आणि कुलूप एकाच खोक्यातून आलो. "खरी किल्ली ही. हरवली तर पंचाईत!" असे म्हणून आजींनी माझ्यावरून मुलासाठी एक किल्ली करून घेतली आणि मला खालच्या मजल्यावरच्या स्वतःच्या घरात, कपाटात जपून ठेवले. मुलाच्या किल्लीवरून सुनेची झाली, सुनेच्या किल्लीवरून कामवाल्या मावशींची. कुठे दात बुटका, कुठे कड तिरकी. ती ध्याने नजरेस पडली की मी मनातल्या मनात हसत असे.

परवा सूनबाई कचरा ठेवायला बाहेर आल्या आणि वाऱ्याने दार धाडकन लागले. आत नुकती चालू लागलेली छकुली आणि गॅसवर दूध! सूनबाई शाळेत विज्ञान शिकवतात, एरवी अगदी शांत. पण त्या जिन्यातूनच ओरडल्या, "आई, किल्ली! लवकर!"

आजी मला घेऊन धापा टाकत वर आल्या. मी ऐटीत कुलपात शिरले आणि तिथेच अडकले. सूनबाईंनी जोर लावला, आजींनी लावला. मी फिरेचना! करपल्याचा वास येऊ लागला. छकुली खोकत रडत होती. माझेच कुलूप, आणि मला ओळखत नव्हते!

तेवढ्यात मावशी कामाला आल्या. "सरा बाजूला," म्हणत त्यांनी आपली वाकडीतिकडी किल्ली घातली. खट्! दार उघडले. सूनबाईंनी गॅस बंद केला आणि लेकीला उचलून छातीशी धरले.

"अगं, पण खरी किल्ली तर ही ना?" आजींचा विश्वासच बसेना.

"होती, आई. कुलूप आमच्या किल्ल्यांनी झिजलं आणि किल्ल्या कुलपाने. रोज थोडी थोडी दोघं बदलत गेली. ही तेवढी होती तशीच राहिली. मी वर्गात उत्क्रांती शिकवते ना, ती काहीशी अशीच. जे जुळतं ते टिकतं. पहिलं कोण, देखणं कोण, हे कुणी विचारत नाही."

माझी सगळी ऐट तिथेच उतरली.

मित्रांनो, वस्तू असो, हातातली कला असो की शिकलेली विद्या, जपायची म्हणून कोंडून ठेवू नका. रोज वापरा, झिजू द्या, बदलू द्या. मावशींना यायला उशीर झाला असता तर? माझ्या अंगावर एक ओरखडा नव्हता, आणि आत छकुली रडत होती.