रिलेतली जागा

दातांच्या डॉक्टरांची मुलगी शाळेच्या रिले संघात निवडली गेली आणि त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी घरातल्यांना दिवाणखान्यात बोलावून घेतलं.

"खेळ त्याग शिकवतो," ते म्हणाले. "आता आपण सगळ्यांनी थोडं थोडं सोडायचं."

डॉक्टरांच्या बोलण्यात 'आपण' आलं की घरातल्या कुणाचं तरी काहीतरी जायचं. मुलीच्या आईचा चित्रकलेचा वर्ग गेला, कारण मुलीचा सराव नेमका त्याच वेळी असे आणि घरी आल्यावर तिला गरम जेवण हवं. आजोबांची सकाळची झोप गेली, कारण मैदानावर तिला सोडायला कुणीतरी हवं. घरातली साखर तर पहिल्याच दिवशी गेली. डॉक्टर स्वतः दवाखान्यात दुपारचा चहा दोन चमचे साखर घालून घेत, पण तो दवाखान्यातला चहा, घरातला नव्हे.

दवाखान्यात खुर्चीत आडव्या झालेल्या प्रत्येक पेशंटला ते आपल्या घरातल्या त्यागाची हकिगत सांगत. तोंडात नळी असल्यामुळे पेशंट फक्त डोळ्यांनी दाद देत.

स्पर्धा आठवड्यावर आली तेव्हा राखीव खेळाडू असलेली उंच मुलगी सरावात डॉक्टरांच्या मुलीला सहज मागे टाकू लागली. सगळ्यांना ते दिसत होतं, पण बोलत कुणीच नव्हतं. प्रशिक्षक सरांचं दाढेचं काम डॉक्टरांकडे अर्धवट राहिलेलं होतं, त्यामुळे ते शिटीशी चाळा करत दुसरीकडे बघायचे.

शेवटी मुलगीच त्या उंच मुलीला घेऊन सरांकडे गेली.

"सर, माझ्या जागी हिला घ्या."

"बाबांना विचारलंस?"

"पळायचं हिला आहे ना?"

सरांनी एकदा गालाला हात लावला आणि यादीतलं नाव बदललं.

रात्री जेवताना तिने हे घरी सांगितलं. डॉक्टरांचा घास हातातच राहिला.

"एवढा त्याग केला आपण, तो सगळा पाण्यात घातलास?"

"तुम्हीच म्हणालात ना, खेळ त्याग शिकवतो."

"अगं, त्याग करायचा तो जागा मिळवायला. मिळालेली जागा सोडायला नाही."

"बाबा, तुम्ही काय सोडलंत?" तिने विचारलं. उलट बोलायचं म्हणून नव्हे, तिला खरंच आठवत नव्हतं.

मदतीसाठी डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. ती आमटी वाढत होती. आजोबा ताटातल्या कोशिंबिरीत काहीतरी हरवल्यासारखे बघत बसले होते.

"मी काळजी करत होतो," डॉक्टर अखेर म्हणाले. "रोज."

"मग आता तीही सोडा," बायको म्हणाली. "आणि उद्यापासून मी वर्गाला जातेय. जेवण झाकून ठेवीन. गरम तुम्ही करून द्या."

डॉक्टर दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी भात गरम करायला ठेवला आणि पातेलं करपवलं. मुलीने वरचा भात मुकाट्याने खाल्ला.

स्पर्धेला जायचं नाही असं ठरवूनही ते गेलेच. संघ तिसरा आला. उंच मुलगी शेवटच्या टप्प्यात दोघींना मागे टाकून आली, तेव्हा दोरीपलीकडे पाण्याच्या बाटल्या सांभाळत उभी असलेली त्यांची मुलगी घसा बसेपर्यंत ओरडत होती. मैत्रिणी दोरी ओलांडून तिच्या गळ्यात पडल्या. मुलीला इतकं खूश त्यांनी निवड झाली त्या दिवशीही पाहिलं नव्हतं. त्यांना ते जरा लागलंच.

शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "तुमची मुलगी कुठली?"

"ती, बाटल्यांजवळची," डॉक्टर म्हणाले. मग घसा खाकरून सरसावून बसले. "संघासाठी तिने स्वतःची जागा सोडली. आमच्या घरात आम्ही तसे संस्कारच केलेत."

बाईंनी कौतुकाने मान डोलावली. डॉक्टरांनी खुर्ची थोडी त्यांच्याकडे वळवली आणि हकिगत पहिल्यापासून सुरू केली.