आपोआप न भरणारी रायफल

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी ऊन असं काही पडलं होतं, की तीनशे यार्डांवरच्या निशाणाच्या पाट्या जमिनीवर उभ्या नसून पाण्यात तरंगताहेत असं वाटावं. यूअन गेडिस पालथा पडून त्यांच्याकडे बघत होता. मधूनच एखादी पाटी विरघळायची आणि वारा सुटला की पुन्हा जागेवर यायची. मैदानावरच्या मेंढ्या सकाळीच कुंपणापलीकडे हाकलल्या होत्या आणि तिथे त्या मजेत चरत होत्या. त्यांना कसलीच घाई नव्हती.

घाई यूअनलाही कधी नसायची. चौसष्ट वर्षांचा गडी, उभा जन्म साउथलंडात लोकांची कुंपणं घालण्यात गेलेला. त्याच्या वाटची घाई त्याची रायफल करायची. एक गोळी सुटली की दुसरी आपोआप नळीत हजर, बोटाने फक्त हो म्हणायचं. तीस वर्षं तो तिच्यावर स्पर्धा खेळला. मग कायदा आला आणि आपोआप भरणाऱ्या रायफली बाद झाल्या. गावच्या सभागृहात एका तरण्या पोलीस पोरीने त्याची रायफल चेपणाऱ्या यंत्राखाली ठेवली आणि ती मुकाट्याने वाकली. अजूनही ती स्वप्नात दिसायची, आणि तो मांडीवर घेऊन तिला सरळ करत बसलेला असायचा. कायद्यावर त्याचा राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, रागाचं निदान काहीतरी करता येतं.

आता हातात होती ती बायकोच्या, नोएलीनच्या, वडिलांची जुनी ली-एनफील्ड, दर गोळीला हाताने भरायची. प्रत्येक गोळीनंतर बाजूचा खटका उचला, मागे ओढा, पुढे ढकला, खाली दाबा. गेले तीन शनिवार त्याच्या गोळ्या पाटीखालच्या मातीत जात होत्या. त्याने वाऱ्याला बोल लावला, चष्म्याला लावला, मेलेल्या सासऱ्यालाही लावून झाला.

"आज जमलं नाही तर सोमवारी परवाना परत करून टाकतो," सकाळी गाडीत तो म्हणाला होता.

"कर की," नोएलीन म्हणाली होती. "तीस वर्षं बंदुकीकडून लाड करून घेतलेस. आता जरा हात चालवायची वेळ आली तर तोंड वाकडं! मी जन्मभर हाच खटका ओढतेय."

तीच आज त्याच्या शेजारी दुर्बीण लावून बसली होती, मांडीवर त्याचं गुणपत्रक घेऊन.

"दोन डाव, प्रत्येकी दहा गोळ्या, साठ सेकंद!" मैदानाचा कप्तान मागून ओरडला. "पाट्या वर येताहेत!"

पाट्या वर आल्या. यूअनने पहिली गोळी झाडली, आणि बोटाने जुन्या सवयीने लगेच दुसऱ्यांदा चाप दाबला. खटका ओढायचा तो विसरूनच गेला. गोळी नाही, आवाज नाही, धक्का नाही. तरीही नळीचं तोंड मातीकडे झुकलं.

यूअन तसाच पडून राहिला. बंदूक काही आपण होऊन दचकत नाही. दचकला होता तो स्वतः, आणि पापण्यांआड नुसता लाल अंधार होता. मागे सेकंद मोजले जात होते, शेजारचे धडाधड गोळ्या झाडत होते, आणि त्याला ते सगळं दूर कुठेतरी, झोपेत ऐकल्यासारखं ऐकू येत होतं. पाट्या खाली गेल्या.

"डोळे मिटलेस तू," नोएलीन हळूच म्हणाली.

"हो."

"कधीपासून रे?"

त्याला उत्तर ठाऊक होतं, इतके दिवस ते तोंडावर येऊ दिलं नव्हतं एवढंच. "त्या शुक्रवारपासून. लोकरीच्या शेडमध्ये रेडिओ लागला होता. क्राइस्टचर्चच्या मशिदीतली ती माणसं, नमाजाला जमलेली, गोळ्या घालून मारलेली. मारणाऱ्याकडची रायफलही तसलीच होती, नोएलीन. मी जिला रविवारी तेल लावत बसायचो, त्याच जातीची. आता आवाज झाला की मला त्यांचीच आठवण येते. भीती वाटते मला."

नोएलीनने थर्मासातला चहा ओतून त्याच्या हाती दिला. तिला थट्टा सुचली नाही, हे लग्नानंतर फार थोड्या वेळा घडलं होतं.

"सोडायची तर सोड," ती म्हणाली. "पण भिऊन सोडू नकोस. आणि मला दाखवायला म्हणून खेळूही नकोस."

पुन्हा पाट्या वर आल्या, उन्हात डुलत. यूअनने खटका उचलला, ओढला, ढकलला, दाबला. त्या चार हालचालींत एक पुरा श्वास मावत होता, हे त्याला आज कळलं. जुनी रायफल हा श्वास मधल्या मधे खाऊन टाकायची. पाटी तरंगत आली, थांबली. त्याने डोळे उघडे ठेवले, पाणी येईतो उघडे ठेवले, आणि चाप दाबला. खांद्याला धक्का बसला. त्याला गवत दिसत होतं, निशाण दिसत होतं, सगळं जग जागच्या जागी होतं. पुन्हा खटका, पुन्हा श्वास. दर वेळी तो थांबत होता, मनात काहीतरी पुटपुटत होता, आणि मगच बोट हलवत होता.

"बस्स! वेळ संपली!" कप्तान ओरडला.

यूअनने उरलेल्या गोळ्या काढून गवतावर ठेवल्या. त्या तीन होत्या.

"झाडल्यास त्या सातही पाटीत," नोएलीन दुर्बिणीतून बघत म्हणाली. "तीन झाडल्याच नाहीस. तीन शून्यं लिहिणार हं मी, नवरा म्हणून सोडायची नाही."

"लिही."

तिने लिहिली. मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "डोळे उघडे होते."

"होते."

"मग रडतोस कशाला?"

"प्रत्येक गोळीआधी विचारत होतो, मारू का म्हणून. त्या तीन गोळ्यांना वेळच पुरला नाही."

"कुणाला विचारत होतास?"

"त्यांनाच. शुक्रवारच्या माणसांना."

नोएलीनची पेन्सिल थांबली. "काय म्हणाले?"

"काहीच म्हणाले नाहीत." त्याने बाहीने तोंड पुसलं. "नुसते बघत होते. मग मीही बघत राहिलो."

पुढची तुकडी चटया घेऊन आली तेव्हा त्यांना उठावं लागलं.

"मग सोमवारचं काय?" चटई गुंडाळताना तिने विचारलं.

"सोमवारी मॅक्लाउडचं कुंपण घालायचंय," यूअन म्हणाला. "पुढच्या शनिवारी पुन्हा विचारून बघतो."