सात सेकंद

सुरीच्या पात्यावर सफरचंदाच्या रसाचा काळा डाग चढत होता. साधं लोखंड असलं की चढतोच… तिनं तो अंगठ्यानं पुसला, तो गेला नाही, आणि तेवढ्यात घड्याळ दोन बेचाळीसवरून त्रेचाळीसवर गेलं. तीनला परीक्षणं उघडणार होती. चार वर्षं खपून केलेला गेम, समीक्षकांनी दहा दिवस घरी बसून खेळलेला, आणि त्यांनी दिलेले गुण सगळे एकाच मिनिटाला पडद्यावर येणार. सफरचंद कापून झालं होतं. खाणार कोण?

ऑफिसात तिला भट्टीबाई म्हणत. गेममधले राक्षस इतरांनी केलेले, ते मारायची तलवार खेळणाऱ्यानं स्वतः घडवायची, आणि ती घडवायची भट्टी हिची – निखारे, ऐरण, घणाचा आवाज, सगळं. साहेबांनी महिन्यापूर्वीच सांगून ठेवलं होतं, "सरासरी ऐंशीच्या खाली गेली तर पुढच्या भागात भट्टी नाही. तयार तलवारी देऊ. वाईट वाटून घेऊ नकोस." मग काय वाटून घ्यायचं, ते मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं.

पण तिची धास्ती त्या ऐंशीची नव्हती. ती परवापासूनची होती. गेममध्ये तापलेलं पातं पाण्यात घालण्याआधी थांबायचं, त्याचा लाल रंग जरा उतरू द्यायचा. घाई केली की पातं तडकतं. हे थांबणं दोन सेकंदांचं असावं असं सगळ्यांनी बसून ठरवलं होतं. मध्ये एकदा निखाऱ्यांचा आवाज नीट ऐकता यावा म्हणून तिनं दोनाचे सात केले, आवाज जुळवला, आणि… आणि परत दोन करायचं राहून गेलं. इतकं साधं. कुणाच्या लक्षात यावं तर ऑफिसात प्रत्येकाच्या मशीनवर भट्टी झटपट उरकायची सोय चालू – जो तो राक्षसांच्या मागे. चार वर्षांत इथं एकानंही तलवार नीट घडवली नाही, माझ्यासकट! परवा घरी सहज खेळायला बसली तेव्हा तिला कळलं, आणि तोवर समीक्षक सात-सात सेकंद ताटकळून बसले होते. तिनं कुणाला सांगितलं नाही. दोन दिवस जेवण गेलं नाही, तेही सांगितलं नाही.

फोन थरथरला. बाबा. आयुष्यभर लोहारकाम केलेला माणूस. गेम म्हणजे काय हे त्यांनी कधी विचारलं नाही, तारीख मात्र पक्की लक्षात.

"लागला का गं निकाल?"

"तीनला, बाबा."

"बरं. पास होशील. काहीतरी खाऊन घे."

तीन वाजले.

पहिले गुण चौऱ्याहत्तर. 'लढाया जोरदार, पण भट्टीपाशी डुलकी लागते.' मग ब्याऐंशी. मग एकोणसत्तर – 'तलवार तयार होईपर्यंत राक्षस म्हातारा होईल.' पलीकडच्या टेबलावर कुणीतरी हसलं आणि तिच्याकडे पाहून गप्प झालं. तिचे कान तापले. कुठंतरी पळून जावं, जिन्यात, संडासात, कुठंही…

मग ब्याण्णव.

'मी मोजले. सात सेकंद. पहिल्यांदा चिडलो, तिसऱ्यांदा हातातलं बाजूला ठेवून नुसता निखारे ऐकत बसलो. हा आकडा ज्यानं ठरवला, त्यानं खरी भट्टी पाहिलेली असणार.'

तिनं ते तीनदा वाचलं. शिव्यांनी आली नव्हती इतकी शरम तिला त्या कौतुकानं आली. पाहिली होती ना भट्टी. नऊ वर्षांची असताना, बाबा पाणी प्यायला गेले तेवढ्यात, लांब पातं लालबुंद असतानाच तिनं पाण्यात खुपसलं होतं. टच्च असा बारीक आवाज. बाबा आले, पातं उजेडात धरलं, म्हणाले, "काय झालं गं?" आणि ती म्हणाली होती, "कोळसा ओला होता." बाबा म्हणाले, "असेल." तडकलेला भाग तोडून उरलेल्याची त्यांनी तिला सुरी करून दिली. हीच, हातातली, आखूड.

साहेब टेबलापाशी येऊन उभे राहिले. सगळ्यांचे गुण धरून सरासरी बरोबर ऐंशीवर लोंबकळत होती.

"ते सात सेकंदांचं वाचलंस? आपलं तर दोन ठरलं होतं." त्यांनी आवाज खाली आणला. "मुद्दाम ठेवलेस ना तू? तसं असेल तर मी वर भांडतो भट्टीसाठी, अगदी हट्टानं. चुकून राहिलं असेल तर आत्ता सांग, उद्या दोन करू आणि विषय संपवू."

'हो' म्हणायचं. एक अक्षर. भट्टी राहील, सात राहतील, तो कोण कुठला माणूस निखारे ऐकत राहील… बाबा 'असेल' म्हणाले ते लगेच नाही. मध्ये ते थांबले होते. पातं हातात धरून, तिच्याकडे बघत, चांगलेच थांबले होते. इतकी वर्षं तिला ते 'असेल' तेवढं आठवत होतं. ते थांबणं तिनं खरं सांगावं म्हणून होतं, हे आज, या टेबलापाशी, पहिल्यांदा तिच्या डोक्यात आलं.

तिनं सुरी खाली ठेवली. साहेब अजून उभेच होते.