झाकलेली काळी

आमच्याकडे कोंबडा नाही, हे मी शेजारच्या मास्तरांना कुंपणावरून कितीदा सांगितलं, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठ्यानं सांगितलं. तरी त्यांनी नगरपालिकेत तक्रार केलीच. आमच्या शहरात घरच्या अंड्यांपुरत्या कोंबड्या पाळता येतात, कोंबडा मात्र चालत नाही. एक जरी निघाला, तरी अख्खं खुराडं उचलून नेतात.

पंचाईत अशी की कोंबडा खरंच आरवत होता. रोज, उजाडायच्या आत, परसातून. मलाही ऐकू यायचा.

मी शाळांचे गणवेश शिवते. पुढच्या खोलीत माझं मशीन आणि तिथंच माझं अंथरूण. मागची खोली बाबांची, तिची खिडकी परसात उघडते. अर्धांगाच्या झटक्यानं बाबांची वाचा गेली आणि ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले. कोंबड्या मी त्यांच्यासाठीच हट्टानं आणल्या. आता ते काठी टेकत खुराड्यापर्यंत जातात, बऱ्या हातानं दाणे टाकतात, कोंबड्या पायात घुटमळल्या की हसतात. कोंबड्या गेल्या तर बाबा परत भिंतीकडे वळतील, ही मला भीती होती. म्हणून मी ठरवलं, कोंबड्या जाणार नाहीत. आणि माझं ठरलं की ठरलं. बाबांनी मला लहानपणी 'कैरी' नाव पाडलं ते काही लाडानं नाही, माझ्या फटकळ तोंडावरून.

माझा संशय काळीवर होता. तुरा भला मोठा, चाल पैलवानाची, आणि तिला अंडं घालताना कुणी पाहिलेलं नाही. अंधारात कोंबडा आरवत नाही, असं इस्त्रीवाल्या मामांनी सांगितलं, म्हणून रात्री तिच्यावर टोपली पालथी घातली. सकाळी आरवणं जसंच्या तसं. मग टोपलीवर वीट ठेवली. मग वर जुनी रजई टाकली. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात, इथं तर आरवायचंही राहिना! काळीला मावशीकडे पोचवायला निघाले, तर बाबांनी तिला छातीशी धरलं आणि जोरजोरात मान हलवली. मला वाटलं, माया.

नगरपालिकेचा इन्स्पेक्टर आला, वाकून खुराडं बघितलं आणि म्हणाला, "ताई, असं बघून नाही कळायचं. उद्या पहाटेच येतो. आरवला, तर गाडी बोलावतो."

"या की. माझ्या कोंबड्यांना हात लावून दाखवा," मी म्हणाले.

पहाटे आला. मास्तरही कानटोपी घालून कुंपणापाशी हजर. मी खुराड्याच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी. सगळे टोपलीकडे टक लावून बघत होतो, आणि आरवणं आलं.

"ऐका! ऐका!" मास्तर ओरडले.

इन्स्पेक्टरनं मला बाजूला व्हायला सांगितलं. मी हलले नाही. शेवटी त्यानं माझ्या बगलेखालून हात घालून रजई ओढली, वीट काढली, टोपली उचलली. काळी डोळे मिचकावत उठली. तिच्याखाली अंडं होतं.

आणि तेवढ्यात परत आरवणं आलं. आमच्या पाठीमागून.

आम्ही वळलो. खिडकीत बाबा बसले होते, डोळे मिटून, मान वर करून. गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. "कूऽ... कूऽ... कूऽक!"

बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी बाबांना सांगितलं होतं, 'क' अडतोय, 'का', 'कू', जो आवाज निघेल त्यानं सुरुवात करा, पण रोज करा. माझ्यासमोर ते तोंडच उघडत नसत, म्हणून मी समजले होते की त्यांनी नाद सोडला. लेकीसमोर जीभ अडखळलेली त्यांना सहन होत नव्हती. आणि मी रोज आवाज ऐकून धावायचे ती खुराड्याकडे, खिडकीकडे एकदाही बघितलं नाही. मला रडू फुटलं.

इन्स्पेक्टरनं टोपली हळूच खाली ठेवली. "नियम कोंबड्याचा आहे, ताई. वडिलांबद्दल काही लिहिलेलं नाही."

मास्तरांनी कानटोपी काढली, चाचरले, पण बोललेच. "नाही म्हणजे... जरा उजाडल्यावर नाही का जमणार त्यांना?"

"नाही जमणार!" माझे डोळे गळत होते, पण तोंड सुटलं. "तुमची झोप मोडते म्हणून माझ्या बापानं गप्प बसायचं? इतके दिवस गप्पच होता की! तेव्हा आला होतात का विचारायला? आता तर मी त्यांना गच्चीवर नेऊन..."

"कै."

मी थांबले.

"कै... री."

झटक्याआधी मी गल्लीत कुणाशी भांडायला लागले की बाबा दारातून याच सुरात दटावायचे. मी निमूटपणे तोंड मिटलं.