सात नंबरच्या भिंतीवरची काचपट्टी

मी एक जुनी काचपट्टी आहे. वीतभर लांब, दोन बोटे रुंद आणि आता मधोमध तुटलेली. मुख्याध्यापकांच्या टेबलावर एका कंपासपेटीत, कापसावर, माझे दोन तुकडे शेजारी शेजारी ठेवलेले आहेत. पेटीचे झाकण कोणी जरा जोरात मिटले की अजूनही मी दचकते. आयुष्यभराची सवय, ती काय चार दिवसांत जाणार?

मित्रांनो, माझ्या बहिणींनी नशीब काढले. आम्ही सगळ्या एकाच मोठ्या तावदानातल्या. काचवाल्याने आम्हाला कापले तेव्हा कोणी खिडकीत गेली, कोणी कपाटाच्या दारात बसली. मी उरलेला तुकडा. काचवाला मला टोपलीत टाकणार तेवढ्यात दुकानात आलेल्या एक इंजिनिअर बाई म्हणाल्या, "ती पट्टी द्या इकडे. मला अशीच पातळ हवी आहे." मला वाटले, चला, आपलेही भाग्य उजळले. त्यांनी मला शाळेच्या तळमजल्यावर, सात नंबरच्या वर्गात नेले आणि मागच्या भिंतीवर एका भेगेवर आडवे बसवले. माझे एक टोक भेगेच्या अलीकडे, दुसरे पलीकडे, दोन्हीकडे सिमेंटचा गोळा. सिमेंट ओले असतानाच त्यांनी खिळ्याने त्यावर तारीख लिहिली.

शाळेचे शिपाई मामा हातात पाण्याचे भांडे घेऊन बघत उभे होते. त्यांना इंजिनिअर बाई म्हणाल्या, "भेग जुनी आहे की अजून वाढतेय, ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही. भिंत स्थिर राहिली तर ही पट्टीही राहील. भिंत केसभर जरी हलली तरी ही तुटेल. तुटली की आधी खोली रिकामी करायची, मग मला बोलवायचं."

"म्हणजे ही मोडावी म्हणूनच लावलीय?" मामांनी विचारले.

"मोडू नये अशीच इच्छा आहे. पण मोडली तर त्याच क्षणी कळलं पाहिजे."

भिंतीला कान असतात असे म्हणतात. तोंड मात्र नसते. त्या भिंतीचे तोंड म्हणून मला तिथे बसवले होते, आणि बोलायचे तर मोडल्याशिवाय मला बोलता येत नव्हते. सांगा, अशा नोकरीत कोणाला झोप लागेल?

मला दोन गोष्टींची भीती होती. एक म्हणजे भिंत खरेच हलेल. आणि दुसरी, ती न हलताच मी फुटेन. शेवटच्या बाकावरची मुले बाक मागे ढकलत, तेव्हा त्याची कड माझ्यापासून चार बोटांवर येऊन थांबे. कोणी डबा आपटला, रस्त्यावरून जड गाडी गेली, वरच्या मजल्यावर कवायत सुरू झाली, की माझा जीव टांगणीला लागे. उगाच फुटले असते तर सगळी शाळा बाहेर पळाली असती, आणि पुढच्या वेळी माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नसता.

मामा होते म्हणून मी अकरा वर्षे तग धरला. दर सोमवारी मुले यायच्या आधी ते वर्गात येत, माझ्यावर बॅटरी मारत आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूच नख फिरवत. "काय गं बये, बरी आहेस ना?" असे विचारत. मग इमारतीच्या वहीत लिहीत. त्या वहीत पाण्याच्या टाकीचे झाकण, जिन्याचे कठडे, विजेची बटणे, आग विझवायचे लाल नळकांडे, सगळ्यांची एकेक ओळ असे. माझी ओळ शेवटची. तिथे मामा एकच शब्द लिहीत: शाबूत.

मामा डोळ्यांत तेल घालून शाळा सांभाळत. दाराच्या कड्या हात लावला की उघडत. गच्चीवरच्या पाण्याच्या वाटेत एक पान साचू देत नसत. टाकी भरून वाहू लागली की जेवणावरून उठून पंप बंद करायला जात. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवून "हे उत्तम केलंय" असे म्हटले, तेव्हा मामा इतके फुलले की जणू मला त्यांनीच जन्म दिला होता. मीही थोडी मिरवले, खोटे कशाला बोलू?

मग मामा निवृत्त झाले. शेवटच्या सोमवारी त्यांनी माझ्यावर दोनदा नख फिरवले. जाताना ते मोठ्या सरांना, म्हणजे मुख्याध्यापकांना, म्हणाले, "बाकी काही नाही केलं तरी चालेल, सर. सात नंबरची काच तेवढी बघत जा." सरांनी मान डोलावली. सर सज्जन होते, पण त्या वेळी त्यांच्या दोन्ही हातांत कागद होते आणि फोन वाजत होता.

मामांच्या जागी कोणी आले नाही. इमारतीची वही प्रत्येक वर्गाच्या बाईंकडे आळीपाळीने फिरू लागली, आणि पुढच्या वर्षी ती सात नंबरच्या नव्या बाईंकडे आली. बाई वाईट नव्हत्या हो. मुलांवर जीव टाकायच्या. पण माझ्याविषयी त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. वहीत आधीच्या ओळीखाली "वरीलप्रमाणे" असे लिहिलेले होते, त्याच्यावरही "वरीलप्रमाणे". मग त्यांनीही तेच लिहिले. पान संपले की "मागील पानाप्रमाणे". असे करत करत कितीतरी पाने मागे मामांचे "शाबूत" होते, आणि त्या एका शब्दावर सगळी शाळा निर्धास्त होती.

त्यातच वर्गाने एक मोठा तक्ता केला. विषय होता "आमची सुरक्षित शाळा". मुलांनी त्यात जिना रंगवला, लाल नळकांडे रंगवले, रांगेत चालणारी मुले काढली. तक्ता लावायला जागा शोधताना बाईंना भिंतीवर मी दिसले. "हे काय विचित्र चिकटवलंय? यावरच लावू, झाकलं तरी जाईल." तक्ता माझ्यावर आला आणि मला काही दिसेनासे झाले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो मी अनुभवला.

दिसत नव्हते, पण ऐकू येत होते. भिंतीच्या पलीकडे पाणी पडत होते. टाकी भरली तरी पंप चालूच राही. वाहून आलेले पाणी ज्या नळीतून खाली गटारात जायचे, ती नळी सांध्यात निखळली होती. ते पाणी रोज सकाळी आमच्या कोपऱ्याच्या पायाशी पडून जमिनीत मुरे. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटे, थोडे पाणी वाया जाते, एवढेच. मला मात्र भिंत खाली ओढली जाताना जाणवत होती. माझी दोन टोके दोन दिशांना जाऊ पाहत होती. मी ओरडू शकत नव्हते. वर्गाचे दारही अडकू लागले होते. मुले खांदा लावून ते उघडत आणि हसत. सफाईच्या मावशी म्हणाल्या, "लाकूड फुगलं असेल." लाकूड फुगले नव्हते, मित्रांनो, चौकटच वाकडी होत होती.

एका मंगळवारी, तिसऱ्या तासाला, मी तुटले.

आवाज अगदी लहान झाला. माझी एक कपची तक्त्याखालून घरंगळली आणि शेवटच्या बाकाखाली जाऊन पडली. इतक्या वर्षांनी मी बोलले होते. आता खोली रिकामी होईल, या आशेने मी वाट बघू लागले.

बाई मागे आल्या. त्यांनी कपची उचलली. "काच कोणी फोडली?"

जो तो मी नाही म्हणू लागला. खिडक्या शाबूत, कपाट शाबूत. बाईंना वाटले, मुले काहीतरी लपवत आहेत. "खरं सांगितलं तर मी रागावणार नाही. पण तोपर्यंत खेळाचा तास बंद. वर्गातच बसायचं."

चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही. आणि फाशी तरी कुठे द्यावी, तर त्याच भिंतीखाली! ज्या मुलांनी त्या वेळी मैदानावर असायचे, ती एक्केचाळीस मुले दोन दिवस माझ्यासमोर हाताची घडी घालून बसली. शेवटच्या बाकावरची एक मुलगी मुसमुसत होती, कारण कपची तिच्या पायाशी सापडली होती. मी तिच्या डोक्यापासून हातभर अंतरावर होते आणि तिला सांगू शकत नव्हते की बाळा, तू काही केलेले नाहीस, तू फक्त ऊठ इथून. इतकी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती.

गुरुवारी खेळाच्या तासाला मावशी झाडू घेऊन आल्या. वर्ग रिकामा असेल अशी त्यांची समजूत होती. दार उघडेना, म्हणून त्यांनी धक्का दिला. आत सगळी मुले बघून त्या थबकल्या, पण आल्याच आहोत तर मागचे झाडून घ्यावे म्हणून भिंतीशी गेल्या. तिथे तक्त्याखाली पांढऱ्या भुकटीची रेघ पडली होती.

"काल झाडलं होतं की मी हे," त्या पुटपुटल्या. मग त्यांनी तक्त्याचा कोपरा वर उचलला.

त्यांनी सगळा तक्ताच खाली उतरवला आणि मला पुन्हा दिसू लागले. "बाई, पोरांना काही बोलू नका. ही काच भिंतीवरचीच आहे. कशासाठी आहे ते मला ठाऊक नाही, पण मामा दर सोमवारी येऊन हिला बघायचे. एक सोमवार चुकवला नाही त्यांनी."

बाईंनी टेबलावरची वही उघडली. वरीलप्रमाणे. वरीलप्रमाणे. मागील पानाप्रमाणे. त्या पाने उलटत मागे गेल्या, मामांच्या "शाबूत"पर्यंत आणि तिथूनही मागे, पहिल्या पानापर्यंत. तिथे इंजिनिअर बाईंच्या अक्षरात लिहिले होते: "पट्टी तुटल्यास खोली लगेच रिकामी करावी."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. पण आवाज त्यांनी चढू दिला नाही. "दप्तरं राहू द्या. शेवटचा बाक आधी. एकेकाने उठा आणि मैदानावर चला." मावशींनी दाराला पाठ लावून ते उघडे धरून ठेवले. बाई मोजत होत्या. एक्केचाळीस झाले, तरी त्यांनी परत वळून सगळे बाक पाहिले आणि मगच त्या बाहेर पडल्या.

वरचा वर्गही रिकामा झाला. दुपारी इंजिनिअर बाई आल्या. त्यांनी छिन्नीने मला अलगद सोडवले, सरांच्या हातात ठेवले आणि उद्या त्या बाजूला कोणीही फिरकायचे नाही असे बजावले. शुक्रवारी शाळेला सुट्टी होती. सकाळी टेकू लावणारी माणसे आवारात शिरत होती, तेवढ्यात सात नंबरच्या मागच्या भिंतीचा वरचा भाग आत कोसळला. मी सरांच्या टेबलावरून तो आवाज ऐकला. शेवटच्या दोन बाकांचा चुराडा झाला.

सोमवारी मैदानातच वर्ग भरला. बाई मुलांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काच कोणी फोडली नव्हती. चूक माझी होती. मी न बघता लिहीत होते. मला माफ करा." त्या मुसमुसणाऱ्या मुलीला त्यांनी जवळ घेतले. मामाही आले होते. त्यांनी माझे तुकडे तळहातावर घेतले, सवयीने नख फिरवले आणि तुटल्या जागी थांबले. "बोललीस गं बये," एवढेच म्हणाले. मला रडू आले. काच रडत नाही म्हणतात, म्हणोत बापडे.

आता नळी दुरुस्त झाली आहे, टाकी भरली की पंप आपोआप बंद होतो, आणि सात नंबरच्या नव्या भिंतीत भेग नाही. पण आठ नंबरमध्ये एक बारीकशी रेघ दिसली, म्हणून तिथे एक नवी पट्टी लावली आहे. कालची पोर ती. तिला अजून काही कळत नाही. बाई दर सोमवारी शाळेची घंटा व्हायच्या आधी तिला बघायला जातात. त्यांनी वहीतून "वरीलप्रमाणे" हा शब्दच हद्दपार केला आहे.

तर मित्रांनो, तुमच्याही शाळेत माझ्यासारखे कोणीतरी असेल. अडकणारे दार असेल, गळणारी नळी असेल, तक्त्याखाली झाकलेली एखादी भेग असेल. त्यांना तोंड नाही. तुम्हाला आहे. दिसले तर मोठ्यांना सांगा, आणि त्यांनी बघेपर्यंत सांगत राहा.

आज सोमवार आहे. घंटेला दहाच मिनिटे उरली आहेत आणि बाईंची पावले मला अजून ऐकू आलेली नाहीत. तुमच्यापैकी कोणाला त्या वाटेत भेटल्या, तर आठ नंबरची तेवढी आठवण करून द्याल का?